जुना ट्रक : आधी कागद, मग लोखंड, पैसे सर्वांत शेवटी

हंगाम तोंडावर आला की जुन्या मालवाहू गाड्यांच्या बाजाराला तेजी येते. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी, कांदा-टोमॅटोची आवक वाढायच्या आधी महामार्गाच्या कडेला ओळीने उभ्या केलेल्या, ताज्या रंगातल्या गाड्यांभोवती गिऱ्हाइकं फिरताना दिसतात. त्यांत मोठा भरणा असतो तो बरीच वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर चालकी करून, चार पैसे गाठीला बांधून आता स्वतःची गाडी घ्यायला निघालेल्यांचा. मोठ्या वाहतूकदाराकडे स्वतःचा फिटर असतो, आरटीओची कामं बघणारा माणूस असतो, आणि एक गाडी फसली तरी बाकीच्या धावत असतात. एकाच गाडीवर घर चालवायचं असेल त्याला असा आधार नसतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातला एक तरुण चालक माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. हंगाम सुरू व्हायच्या बेतात त्याने महामार्गालगतच्या एका विक्रेत्याकडून २०१७ सालचा सहा टायरचा ट्रक घेतला. चौदा फुटी हौदा, किंमत साडेआठ लाख. साडेतीन लाख साठवलेले, दीड लाख आईचे दागिने गहाण ठेवून उभे केलेले आणि साडेतीन लाख पतसंस्थेचं जामिनावरचं कर्ज. सगळी रक्कम देऊन त्याच्या हातात काय आलं? आरसीची झेरॉक्स, आधीच्या मालकाच्या सह्या असलेला कोरा ‘टीटीओ सेट’ म्हणजे नाव बदलण्याचे कागद, आणि लेटरपॅडवर लिहिलेली पावती. ‘महिन्याभरात नावावर करून देतो’ हा शब्द तोंडी.

पहिल्याच आठवड्यात वाशीला माल उतरवून रिकामी गाडी माळशेज चढत असताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. फिटरने इंजिन उघडलं तर हेडला तडा होता, रेडिएटरमध्ये गळती बुजवायची पावडर टाकलेली होती आणि थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता. त्यामुळे आवाराभोवतीच्या सपाट रस्त्यावर गाडी थंड राहायची, घाट लागला की सगळं उघडं पडायचं. हे दुखणं सव्वा लाखाचं निघालं. खरा घाव त्यानंतर बसला. माल भरलेली गाडी रस्त्यातच एका फायनान्स कंपनीच्या वसुलीच्या माणसांनी अडवली. आरसीवर ज्यांचं नाव होतं त्या मराठवाड्यातल्या वाहतूकदाराने ही गाडी विक्रेत्याला बदलीत दिली होती, उरलेलं कर्ज विक्रेता फेडणार असं ठरलं होतं, आणि त्याने ते फेडलंच नव्हतं. म्हणजे आधीचा मालकही त्याच आवारात फसला होता.

हेडला तडा जातो, पैसे घालून दुरुस्त होतो. कागद अडकले तर मात्र गाडी उभी राहते आणि हप्ते चालू राहतात. तरीही गिऱ्हाईक तासभर गाडीखाली वाकून बघतं आणि कागदांना पाच मिनिटं देतं. माझं ठाम मत असं की हा क्रम उलटा करायला हवा. कागद स्वच्छ नसतील तर गाडीच्या टायरला हातसुद्धा लावू नका, कारण एकदा गाडी मनात भरली की कागदांतली खोट दिसत असूनही दिसेनाशी होते.

विकतंय कोण?

पहिला प्रश्न गाडीचा नाही, विकणाऱ्याचा. आवार विक्रेत्याचं, बोलणी विक्रेत्याशी, पैसे त्याच्या खात्यात. पण कागदावर विकणारा तिसराच असतो. तंटा झाला की ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असं उत्तर मिळतं. म्हणून बोलणी सुरू होतानाच विचारा की बिल कुणाच्या नावाने आणि कोणत्या जीएसटी नंबरवर मिळणार. बिल देणार नाही असं म्हणाला तर तो स्वतःला विक्रेता मानत नाही, आणि उद्या जबाबदारीही घेणार नाही, हे तिथेच समजून घ्यावं.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ एप्रिल २०२३ पासून वेगळी तरतूद आहे. अशा विक्रेत्याने नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकृतता घ्यायची असते. ते प्रमाणपत्र नमुना २९बी मध्ये मिळतं आणि पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की नमुना २९सी मध्ये तशी सूचना पोर्टलवर द्यायची असते. त्यानंतर गाडीची जबाबदारी विक्रेत्यावर येते, आणि फिटनेस, डुप्लिकेट आरसी, एनओसी, मालकीबदल यांसाठी अर्ज करण्याचा अधिकारही त्याला मिळतो. बरेच खरेदीदार हे दोन कागद कधी मागतच नाहीत. तुम्ही मागा. २९सी ची पोच दाखवणाऱ्या विक्रेत्याशी पुढचं बोलणं सोपं जातं. ती नसेल तर मूळ मालकाला समोर बसवल्याशिवाय, निदान फोनवर त्याच्याशी स्वतः बोलल्याशिवाय, टोकनसुद्धा देऊ नका. मालकाला एवढंच विचारा : गाडी किती कर्जावर होती, कर्ज फिटलं का, आणि तुमचे पैसे तुम्हाला मिळाले का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो पुढे सहीला किंवा ओटीपीला उभा राहणार नाही. मालकीबदलाचा अर्ज आता वाहन पोर्टलवरून होतो आणि नोंदीतल्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो मोबाइल खरोखर मालकाचाच आहे ना, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

सह्या केलेला कोरा टीटीओ सेट या धंद्यात सर्रास फिरतो. त्यातले मुख्य कागद म्हणजे नमुना २९ आणि नमुना ३०. पहिल्याने गाडी विकल्याची सूचना देतात, दुसऱ्याने नाव बदलायचा अर्ज करतात. कोरा सेट हातात असणं म्हणजे मालकी मिळणं नव्हे. सही नोंदीशी जुळली नाही, मालक वारला, परगावी गेला किंवा फिरला, की त्या कागदांची किंमत शून्य होते. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. सेट ताब्यात ठेवून वर्षभर दुसऱ्याच्या नावावर गाडी चालवणारे भेटतात. त्यात विकणाऱ्याचाही जीव टांगणीला असतो, कारण अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. आधीचा मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला हे समजावून सांगा. नाव लवकर बदलण्यात त्याचाही फायदा आहे हे कळलं की बहुतेक जण सहीला येतात.

बोजा, पासिंग, परमिट

गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲप किंवा वाहन पोर्टल उघडा. फिटनेस, टॅक्स, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडीवर कोणत्या फायनान्सचा बोजा आहे, गाडी काळ्या यादीत आहे का, हे सगळं तिथे दिसतं. विक्रेत्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, स्वतःच्या मोबाइलवर बघा. चलानांसाठी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं पोर्टल आणि परिवहनचं ई-चलान पोर्टल, दोन्ही तपासा. एकावर दिसत नाही ते कधी दुसऱ्यावर निघतं.

बोजा दिसला म्हणून गाडी सोडून द्यायची गरज नाही. मालवाहू गाड्या बहुतेक कर्जावरच घेतलेल्या असतात. फक्त बोजा कसा उतरणार हे पैसे देण्याआधी ठरलं पाहिजे. मालकाला फायनान्स कंपनीकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणायला सांगा. त्यातली रक्कम तुमच्या खात्यातून थेट त्या कर्ज खात्यात भरा, विक्रेत्याच्या हातात नाही. भरणा झाला की कंपनी एनओसी आणि बोजा उतरवण्यासाठीचा नमुना ३५ देते. एनओसीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, ती उलटून गेली तर पुन्हा खेटे घालावे लागतात. नारायणगावच्या तरुणाचं कर्ज जामिनावरचं होतं, गाडी तारण नव्हती. त्यामुळे कर्ज देणाऱ्यानेही गाडीचे कागद तपासले नाहीत. गाडीवरच कर्ज काढलं असतं तर निदान फायनान्स कंपनीने आपल्या पैशासाठी तरी बोजा शोधला असता. जामिनावर किंवा सोन्यावर पैसे उभे करणाऱ्याने हे काम स्वतःकडेच आहे हे ध्यानात ठेवावं.

कर्ज घेताना दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवर, हे विचाराच. चार लाखांवर तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट म्हणजे १,४४,००० रुपये व्याज आणि महिन्याला सुमारे १५,१११ रुपये हप्ता. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर २१ टक्क्यांच्या आसपास पडतो. बारा ऐकून सही केलेल्यांना हे बऱ्याच उशिरा कळतं.

पासिंगबद्दल एवढंच : वाहतूक गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं फिटनेस मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. म्हणजे आठ वर्षं ओलांडलेली गाडी घेताय तर दर साली पासिंगचा खर्च धरा, शिवाय महाराष्ट्रातला पर्यावरण कर. स्पीड गव्हर्नर, परावर्तक पट्ट्या, बॉडीची डागडुजी हे सगळं त्या वेळी निघतं. फिटनेस संपायला महिना उरलेली गाडी स्वस्त मिळते ती याच कारणाने. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही पाहा. नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

परमिटाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे छोटे टेम्पो सुटतात. त्यावरच्या गाडीला ते लागतं, आणि गाडीबरोबर ते आपोआप नावावर येत नाही, परिवहन प्राधिकरणाची परवानगी घेऊन बदलावं लागतं. नॅशनल परमिटला वयाची अट आहे. मल्टिॲक्सल सोडून इतर गाड्यांना १२ वर्षं, मल्टिॲक्सलला १५. अकरा वर्षांची दोन ॲक्सलची गाडी घेऊन परराज्यांत धंदा करायचा बेत असेल तर हाताशी वर्षभरच उरतं. मग भाव त्याप्रमाणे पाडून मागा, किंवा दुसरी गाडी बघा.

स्वस्त गाडी कुठून येते

भाव बाजारापेक्षा बराच कमी असेल तर गाडी आधी कुठे चालत होती ते शोधा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती. हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश त्यामागे होता. त्यामुळे तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. गाडी वाईटच असेल असं नाही, पण नमुना २८ मधली एनओसी, इथला कर, नवा नंबर हे सगळं कुणाच्या खर्चाने आणि कुणाच्या पायपिटीने होणार ते लिहून घ्या. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नोंदणी इथे करावीच लागते.

गोव्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर हजारो टिपर दारात उभे राहिले. अशा गाडीचे किलोमीटर कमी दिसतात. पण खाणीतला टिपर कमी अंतरात जास्त झिजतो, आणि समुद्राकाठच्या हवेत पावसाळ्यामागून पावसाळे उभा राहिला की आतून गंजतो. कमी किलोमीटर पाहून हुरळू नये. पुराचंही तसंच. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे विकायचा मार्ग मोकळाच होता. केबिनमधली चटई उचला, फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा, सीटची पट्टी बोटाने पुसून बघा. बारीक, सुकलेली, पिवळसर माती अशा कोपऱ्यांत राहतेच. विम्याच्या पॉलिसी नंबरवरून आधीच्या दाव्यांची चौकशी करता आली तर जरूर करा.

गाडीखाली वाकताना

आता लोखंड. ज्याला त्या कंपनीच्या गाड्यांची सवय आहे असा फिटर सोबत न्या आणि त्याला त्याची मजुरी द्या. विक्रेत्याने सुचवलेला मेस्त्री नको.

निघण्याआधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनाचं दुखणं तुमच्यापासून लपवलं आहे. तेव्हा ती भेट सोडून द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड गाडी सुरू करताना धूर बघा. निळसर धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर जास्त असेल तर इंजेक्टर किंवा पंपाचं काम आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही जात नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता धरा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून जोराने धूर आणि हवा बाहेर येत असेल तर बॅक कम्प्रेशन आहे, रिंग-पिस्टनचं काम जवळ आलंय. रेडिएटरचं झाकण मात्र गाडी थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तळाशी चिकट गाळ दिसला तर तिथेच थांबा.

चेसिसला मी इंजिनाइतकंच महत्त्व देतो. इंजिन नवं बांधता येतं, वाकलेली चेसिस पूर्ववत होत नाही. टॉर्च घेऊन खाली जा आणि पुढून मागे दोन्ही पट्ट्यांवर उजेड फिरवत या. कंपनीने रिव्हेट मारलेल्या जागी बोल्ट किंवा वेल्डिंग दिसलं, एकाच ठिकाणी काळ्या रंगाचे जाड थर दिसले, तर तिथे काहीतरी झाकलंय. टेप घेऊन डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घ्या, मग उजव्या बाजूला तेच. चाकं सरळ असूनही मापात ठळक फरक आला तर ॲक्सल सरकलेला आहे किंवा चेसिसला मार बसलेला आहे. मागच्या कमानींचे पाटे मोजा. कंपनीपेक्षा जास्त पाटे टाकलेले म्हणजे गाडीने ऊस, वाळू किंवा खडीचा जादा भार वर्षानुवर्षं वाहिला आहे. हाउसिंगला वेल्डिंग, हौद्याच्या आडव्या चॅनेलना तडे हे त्याचेच पुरावे.

चेसिस नंबर स्वतः वाचा. सतरा अक्षरांचा असतो आणि सुरुवातीच्या तीन अक्षरांवरून कंपनी कळते : टाटा एमएटी, महिंद्रा एमए१, अशोक लेलँड एमबी१. नंबराभोवतीचं लोखंड घासलेलं, अक्षरं उंचसखल किंवा भोवतीचा रंग वेगळा असेल तर पुढे जाऊ नका. कागद ठेवून पेन्सिलने छाप काढा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. अर्जालाही ती छाप लागतेच.

टायरवर आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रिमोल्ड केलेले टायर नव्यासारखे दिसतात, तेव्हा कडेचा जोड पाहा. एका कडेने घासलेले टायर किंगपिनकडे बोट दाखवतात. किलोमीटरच्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मालकाच्या संमतीने मागवा, आणि जमलं तर त्याच्या फास्टॅगचा जुना तपशील. टोलनाक्यांच्या तारखा गाडी किती फिरली याचा खरा अंदाज देतात.

२०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर युरियाची टाकी आणि त्याची यंत्रणा चालू आहे का हे स्कॅनर लावून बघा. चावी फिरवली की इंजिनाचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर तो दिवा मुद्दाम बंद केलेला असतो. या यंत्रणेची दुरुस्ती जुन्या इंजिनाच्या कामापेक्षा महाग पडू शकते.

आणि शेवटी चाचणी. आवाराभोवतीच्या फेरीला चाचणी म्हणू नये. थोडा तरी भार घालून, निदान लांब चढावर, अर्धा-पाऊण तास गाडी चालवा. चढावर वरच्या गिअरमध्ये दाबून बघा, क्लच घसरतो का, गिअर निसटतो का, काटा कुठे जातो. विक्रेता एवढ्याला तयार नसेल तर दुसरीकडे जा. हंगाम चुकेल अशी धास्ती या वेळी मनात येते आणि विक्रेता तिचाच फायदा घेतो. हंगामात महिनाभर भाड्याची गाडी चालवणं परवडतं, नादुरुस्त गाडी घेऊन सबंध हंगाम गॅरेजमध्ये काढणं परवडत नाही.

पैसे कसे द्यावेत

टोकन लहान द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की कागद किंवा बोजा स्वच्छ न निघाल्यास रक्कम परत. मग कर्जाची रक्कम थेट फायनान्सला. उरलेल्यातला मोठा भाग मालकीबदलाचा अर्ज दाखल होऊन पोच मिळाल्यावर. काही रक्कम, माझ्या मते किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास, आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत राखून ठेवा. विक्रेता यावर घासाघीस करील, आणि त्याचीही बाजू आहे, कारण गाडी हातातून गेल्यावर पैसे बुडवणारेही असतात. तेव्हा राखलेल्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक द्यायला हरकत नाही. सगळा व्यवहार बँकेतून करा. आयकर कायद्याने एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि रोख दिलेले पैसे सिद्ध करणं तुमच्याच जिवावर येतं.

करारनामा पाचशेच्या मुद्रांकावर करा. त्यात चेसिस आणि इंजिन नंबर, मीटरवरचा आकडा, कोणते खर्च कुणाचे, नाव किती दिवसांत बदलणार आणि न बदलल्यास काय, ताबा दिल्याच्या क्षणापर्यंतची चलानं आणि कर कुणाचे, हे स्पष्ट असावं. ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही टाका; त्याच दिवशी सकाळी झालेल्या चलानाचा वाद त्या एका ओळीने मिटतो. ‘इंजिनची गॅरंटी’ तोंडी देत असतील तर तीही लिहून घ्या : किती दिवस किंवा किती किलोमीटर, कोणते भाग, दुरुस्ती कुठे, मजुरी कुणाची. ‘जशी आहे तशी’ असं छापलेल्या पावतीवर सही करण्याआधी ते शब्द खोडायला लावा.

विम्याकडे लगेच बघा. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. तिऱ्हाइताच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हे सांगितलं आहे. म्हणजे पॉलिसी जुन्या नावावर ठेवून गाडी ठोकली तर दुरुस्ती तुमच्या खिशातून. नो-क्लेम बोनसही गाडीचा नसतो, जुन्या मालकाचा असतो, तेव्हा फरकाची रक्कम भरायची तयारी ठेवा. जुना फास्टॅग बंद करायला सांगा, आपला नवा घ्या, आणि नोंदीत स्वतःचा मोबाइल टाकून घ्या, नाहीतर तुमची चलानं दुसऱ्याच्याच फोनवर जात राहतील.

फसवणूक झालीच तर

‘गाडी बघून घेतलीत, आता आमचा संबंध नाही’ हे ऐकून परत फिरू नका. फोनवर भांडणंही थांबवा. बोलणं झालं की तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा म्हणजे नोंद राहते. लपवलेला दोष निघाला तर गाडी उघडण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि बघायला बोलवा. तो आला नाही तर फिटरकडून लेटरहेडवर अहवाल घ्या, काढलेले भाग जपून ठेवा, फोटो काढा. दुरुस्ती आधी आणि तक्रार मागून केली तर दोष तुमच्या वापराने झाला असं म्हणायला त्याला वाव मिळतो. मग स्पीड पोस्टाने नोटीस. कर्ज लपवून गाडी विकली असेल तर तो साधा व्यवहारातला वाद राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद देता येते. विक्रेता आरटीओकडून अधिकृत असेल तर तिथेही लेखी तक्रार द्या, त्याची अधिकृतता पणाला लागते. नारायणगावच्या त्या तरुणाच्या बाबतीत वकिलाच्या नोटिशीबरोबर फिर्यादीचा मसुदा गेला तेव्हा विक्रेत्याने फायनान्सचे पैसे भरले आणि एनओसी आली. इंजिनाच्या खर्चाचं भांडण त्याला ग्राहक आयोगात न्यावं लागलं.

ट्रक म्हणजे धंद्याची वस्तू, ग्राहक कायदा लागू होत नाही, असं पुष्कळांना सांगून घरी पाठवलं जातं. ते अर्धवट खरं आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्याबाहेर आहे, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच ट्रकचं दिलं आहे : स्वतः चालवून भाडं मारण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक आहे. तक्रारीत ही गोष्ट पहिल्याच परिच्छेदात लिहा. आपण स्वतः चालवतो, घर याच्यावर चालतं, आणि सोबत वाहतूक गाडी चालवण्याची मुभा असलेलं लायसन्स जोडा.

तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो, वकील लावणं बंधनकारक नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, काही विक्रेते तेवढ्यानेही बोलणीला येतात. मात्र त्या बोलणीत महिने घालवू नका. आयोगात जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि तुम्ही वाट पाहत बसलात म्हणून ती थांबत नाही.